कार्नोची न जुळणारी रेघ

कॉलेजात सर कार्नो सायकल फळ्यावर काढत. चार वक्र रेषा, आणि शेवटची अलगद पहिल्या बिंदूला नेऊन चिकटवायची. आम्हीही वहीत तेच केले. रेघ जुळायचीच, कारण जुळवणारा हात आपलाच!

परवा तीच आकृती लाटेकमध्ये टिकझेड वापरून काढायला बसलो. इथे रेघ ओढायची नसते, समीकरण लिहायचे असते. हवा घेतली, गॅमा 1.4. सुरुवात आकारमान 1, दाब 4. आयसोथर्मने आकारमान 2 पर्यंत, तिथून ॲडियाबॅटिकने 3 पर्यंत. आता परतीच्या आयसोथर्मवर थांबायचे कुठे? अंदाजाने 1.6 लिहिले. एका रेघेचे टोक दाब 2.13 वर, दुसरीचे 2.07 वर. बारीकशी फट, पण फटच. बरोबर उत्तर 1.5, कारण दोन्ही आयसोथर्मवर आकारमानांचे गुणोत्तर सारखेच लागते.

गंमत अशी की याच जागी मोठमोठी माणसे अडखळली होती.

सादी कार्नोच्या 1824 च्या पुस्तकात हा आलेख नव्हताच. 1832 मध्ये, अवघ्या 36 व्या वर्षी, तो कॉलऱ्याने गेला. दाब-आकारमानाचा आलेख वॉटच्या कारखान्यात जॉन सदर्नने 1796 मध्येच इंजिनाला पेन्सिल जोडून काढला होता, पण ते बरीच वर्षे धंद्याचे गुपित राहिले. कार्नोची सायकल अशा आलेखावर मांडली एमिल क्लापेरॉनने, 1834 मध्ये. त्याचा नियम असा: घेतलेली सगळी उष्णता परत दिली जाईपर्यंत वायू दाबत राहा. उष्णता नाहीशी होत नाही, अशीच तेव्हाची समजूत.

हा नियम कोडमध्ये घालून पाहिला. थांबायची जागा 1.33 आली, आणि शेवटची ॲडियाबॅटिक मूळ तापमानाला पोचली तेव्हा आकारमान 1 नव्हे, 0.885! सायकल बंदच होईना. क्लापेरॉनच्या आकृतीत मात्र ती व्यवस्थित बंद आहे.

1849 मध्ये जेम्स थॉमसनने (केल्विनचा भाऊ) सुचवले की सुरुवातच दुसऱ्या बिंदूपासून करा, म्हणजे उष्णतेचा हिशेब न मांडता सायकल बंद होते. पुढच्याच वर्षी क्लाउझियसने मूळ दुखणे सांगितले: घेतलेल्या उष्णतेतली काही कामातच खर्च होते, मग सगळी परत देणार कुठून?

परीक्षेत या आकृतीचे पूर्ण मार्क मिळवले होते. फट मात्र आत्ता दिसली.