वसईतील यंत्रनिर्मिती : गाळ्यांतला बदलता रोजगार

राजोडी हे वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, सुरूंचे आणि बागायतीचे गाव. यंत्रे घडविणारे कारखाने मात्र रेल्वेमार्गाच्या पूर्वेस, नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात आहेत. वाडीतल्या भाजीपाल्यावर घर चालेनासे झाले, तेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांतील मुलांनी आयटीआयचा रस्ता धरला. जोडारी, कातारी, संधाता ही अभ्यासक्रमांची सरकारी नावे. कारखान्यात त्यांना फिटर, टर्नर आणि वेल्डर म्हणतात.

ही वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेली नाही. मुंबईत नव्या कारखान्यांवर निर्बंध आले, जागेचे दर चढले आणि खासगी विकासकांनी वसई पूर्वेला छोटे गाळे बांधून विकले. रोजगाराचे स्वरूपही या गाळ्यांनीच ठरविले. एका गाळ्यात सांगाडा जोडला जातो, दुसऱ्यात लेथवर शाफ्ट उतरतो, तिसऱ्यात पत्र्याला पॉलिश होते. या साखळीला येथे 'जॉबवर्क' म्हणतात. यंत्र एकाच कंपनीच्या नावाने विकले जात असले तरी त्यावर हात फिरविणारे कामगार अनेक मालकांचे असतात.

याचा परिणाम कायद्याच्या संरक्षणावर होतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने, वीज वापरून काम होत असेल तर, दहा कामगारांची मर्यादा मूळ व्याख्येत घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत ही मर्यादा वीस आहे. चार-सहा माणसांचा गाळा दोन्ही व्याख्यांच्या बाहेरच राहतो. पॉलिशच्या कामातील धातूची धूळ मात्र कामगारांची संख्या मोजून उडत नाही.

येथील उत्पादनांत औषधनिर्मिती आणि पॅकिंगची यंत्रे महत्त्वाची आहेत : पावडर मिसळणारी, गोळ्यांवर लेप देणारी, बाटल्या भरणारी, लेबल लावणारी. त्यांची मागणी बाजारापेक्षा नियमांवर अधिक हलते. औषध कारखान्यांसाठीचे 'शेड्यूल एम' हे निकष २००१ मध्ये कडक झाले आणि लहान उत्पादकांना २००५ पर्यंत त्यांची पूर्तता करावी लागली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा सुधारले गेले. लहान व मध्यम कारखान्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. निकष कडक झाले की जुनी यंत्रे बदलावी लागतात आणि आर्गन वेल्डिंग करणाऱ्या कुशल कारागिराचा भाव वाढतो. मागणी अशी लाटांनी येत असल्याने मालक कायम कामगार ठेवण्यास कचरतो आणि ठेकेदारामार्फत माणसे घेतो. त्याचे गणित समजण्यासारखे आहे. पण मंदीचा भार अखेर कामगारालाच सोसावा लागतो.

ग्राहकही स्थिर नाहीत. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल प्रदेश व उत्तराखंडसाठी करसवलती जाहीर केल्यावर अनेक औषध कंपन्यांनी बद्दी परिसरात कारखाने उभारले. यंत्र वसईत बनले तरी ते बसविणारा फिटर तिकडे जाऊ लागला. फिरतीचा भत्ता मिळतो, पण घरची शेती सांभाळून नोकरी करण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत त्यात बसत नाही.

सीएनसी यंत्रांनी कौशल्याची उतरंडच बदलली. पूर्वी कसबी टर्नर मायक्रोमीटर हाती घेऊन स्वतः माप साधत असे. आता प्रोग्राम लिहिणारा एक आणि तुकडा चढविणारे-उतरविणारे दोघे-तिघे, अशी विभागणी दिसते. वरच्या जागा थोड्या, खालच्या कमी पगाराच्या. मधली पायरी, म्हणजे हेल्पर म्हणून लागून दहा वर्षांत कारागीर होण्याची वाट, अरुंद झाली आहे. स्थानिक तरुण खालच्या जागांकडे वळत नाहीत. त्या उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार भरतात.

या रोजगाराचा ठिसूळपणा दोनदा ठळकपणे दिसला. जुलै २०१८ च्या पुरात लोकल थांबल्या, वीज गेली, गाळ्यांत पाणी शिरले. रोजंदारीवरच्या कामगारांचे ते दिवस बुडाले. मे २०२० मध्ये टाळेबंदीत वसई रोडहून श्रमिक गाड्यांनी हजारो कामगार गावी गेले. पुढे कारखाने उघडले तेव्हा यंत्रे जागेवर होती, ती चालविणारे हात नव्हते. काही मालकांनी त्या वेळी पश्चिमेकडच्या गावांतील मुलांची विचारपूस केली. पण राजोडीहून वालीवला पोचण्यासाठी आधी बस वा रिक्षा, मग रेल्वेमार्ग ओलांडणे, पुढे पुन्हा रिक्षा. हेल्परच्या पगारातून हा खर्च वजा केला की हाती उरते ते वाडीतल्या मजुरीहून फारसे अधिक नसते.