मधल्या वयाची पुस्तकं

मराठीत 'यंग अडल्ट' नावाचा प्रकारच नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात त्या नावाचं अख्खं कपाट असतं, चौदा ते अठरा-वीस वयाच्या वाचकांसाठी. त्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. एकतर कोणीतरी कोणाच्या तरी प्रेमात पडलेलं असतं, नाहीतर कोणाचा तरी खून झालेला असतो. कधीकधी दोन्ही :-) मराठी दुकानात मात्र 'बालसाहित्य' संपलं की एकदम 'पानिपत' आणि 'मृत्युंजय'. म्हणजे काल फास्टर फेणे वाचणाऱ्या पोराने एका रात्रीत मोठं होऊन कर्णाचं दुःख समजून घ्यायचं!

पण खरंच मधे काही नव्हतं का? गेले काही शनिवार-रविवार मी हेच उकरत बसलोय. पुस्तकं होती, आणि ढिगाने होती. नव्हतं ते कपाटावरचं नाव, आणि त्या पुस्तकांबद्दल मन लावून लिहिणारं माणूस.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याचा. माझ्या मामाचं कॉलेजचं वय १९८० च्या आसपासचं. त्याच्या सांगण्यातलं वाचनालय म्हणजे एक टपरीवजा खोली, खाकी पुठ्ठ्याची बांधणी केलेली पुस्तकं, आणि भाडं दिवसाला चार आणे. चार आणे वाचवायचे म्हणून पुस्तक एका रात्रीत संपवायचं. घरात आजोबांचा आवाज ठरलेला: "अभ्यास सोडून हे काय वाचून रायला बे?" लायब्ररीवाल्याला प्रत्येकाची आवड पाठ. मामाला झुंजार, त्याच्या मित्राला काकोडकर. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पुस्तकाचं शेवटचं कोरं पान. आधीच्या वाचकांनी तिथे पेनाने शेरे मारलेले असायचे: 'बकवास', 'एकदा वाचावी', 'शेवट पटला नाही'. एखादा दुष्ट माणूस पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून मोकळा व्हायचा. मराठीतल्या या पुस्तकांची परीक्षणं शोधायला गेलं, तर ती बहुतेक अशाच पानांवर होती.

आता थोडा इतिहास. आधी रहस्यकथा घेऊ.

बाबूराव अर्नाळकर हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हे टोपणनाव आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. एका माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची मंडळी. १९५६ पर्यंत आमचा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता, राजधानी नागपूर. मुंबई हे कारभाराच्या दृष्टीने दुसरं राज्य होतं. तरी मुंबईच्या गल्ल्यांतून पळणारा झुंजार इकडच्या पोरांना आपला वाटला. राज्यपुनर्रचनेच्या आधीच काळ्यापहाडाने संयुक्त महाराष्ट्र करून टाकला होता म्हणा ना! त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले. त्यांचा कॅप्टन दीप आला. नाईकांच्या नावावर १,२०० च्या वर कादंबऱ्या सांगितल्या जातात. ते २०२१ साली गेले, तेव्हा बातम्यांत आकडाच मोठ्याने आला. त्यातली कुठली चांगली आणि कुठली घाईत उरकलेली, हे सांगणारं कोणी भेटलं नाही.

प्रेमकथेची गोष्ट वेगळी. ना. सी. फडक्यांनी कॉलेजातल्या प्रेमाला मराठी कादंबरीत मानाची जागा दिली. त्यांच्यावर टीका भरपूर झाली, 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद वर्षानुवर्षं रंगला, पण ते १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. म्हणजे प्रेमकथा लिहिली म्हणून दार बंद होतं असं नाही. दार बंद झालं ते प्रेमकथा स्वस्त झाली, मासिकात आली आणि चार आण्यांत दारव्ह्याला मिळायला लागली तेव्हा.

इथे येतात चंद्रकांत काकोडकर. १९६२ साली पुण्याच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी, पेशाने शिक्षक, आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक येणाऱ्या तिघी: नीला, वनिता, श्यामा. पुण्यातल्या एका गृहस्थांनी अश्लीलतेची तक्रार केली. भारतीय दंड संहितेचं कलम २९२. खालच्या कोर्टात लेखक सुटला, पण हायकोर्टाने त्याला दोषी ठरवलं आणि २५ रुपये दंड केला. २५ रुपयांसाठी माणूस सुप्रीम कोर्टात जाईल का? काकोडकर गेले. २५ ऑगस्ट १९६९ ला निकाल लागला आणि ते सुटले.

हा निकाल मी पूर्ण वाचला. कायद्यातलं मला फारसं कळत नाही, पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हे तर पुस्तक परीक्षण आहे! न्यायाधीशांनी कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आहे. कोणतं पात्र काय करतं, का करतं, आक्षेपाचे उतारे कुठल्या पानांवर आहेत आणि त्यांच्या मागेपुढे काय आहे, सगळं तपासलंय. कथा उच्च दर्जाची आहे असा आव आणलेला नाही. आणि मग मुख्य प्रश्न: हे वाचून किशोरवयीन मुलं बिघडतील का? कोर्टाचं उत्तर थोडक्यात असं, की असे प्रसंग मुलांसमोर आयुष्यातही येऊ शकतात, आणि चूक ती चूकच असं गोष्टीतून दिसत असेल, तर केवळ वाचल्याने मुलं भ्रष्ट होतील असं खात्रीने म्हणता येत नाही. समाजाची मापं झपाट्याने बदलतायत, तरुणांच्या हाती कितीतरी प्रकारचं साहित्य येतंय, हेही कोर्टाने लक्षात घेतलं.

आता गंमत बघा. मराठीतल्या स्वस्त प्रेमकथेचं इतकं बारकाईने केलेलं वाचन मला दुसरीकडे सापडलं नाही. ते न्यायाधीशांना करावं लागलं. ज्यांचं ते काम होतं, त्या समीक्षकांनी ते केलं असतं तर 'मुलांनी हे वाचावं का' हा प्रश्न पोलिसांच्या कागदात न जाता मासिकाच्या पानावर सुटला असता. आणि त्याच १९६९ च्या डिसेंबरात 'दो रास्ते' आला, राजेश खन्ना आणि मुमताजचा. त्याची कथा काकोडकरांच्याच 'नीलांबरी' कादंबरीवरची. म्हणजे एकाच वर्षात हा लेखक सुप्रीम कोर्टातही होता आणि थिएटरातही. मराठी साहित्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्याच्या वाट्याला फार जागा आली नाही.

तिकडे अमेरिकेत याच काळात काय चाललं होतं? तिथल्या ग्रंथालय संघटनेत १९५७ साली तरुण वाचकांसाठी वेगळा विभाग झाला. ग्रंथपाल मंडळी या वयाची पुस्तकं वाचायची, यादी करायची, कुठलं घ्यावं ते सांगायची. १९६७ साली एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' आली. तिने ती शाळेत असतानाच लिहिलेली. तिला उचलून धरणारे लोक तिथे तयार होते. कपाटावर नाव आधी ग्रंथपालांनी लावलं, दुकानदारांनी नंतर.

योगायोग असा, की आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७ चाच. त्याने गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं. हे मोठं काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. लहान गावात आज जे एखादं वाचनालय टिकून आहे ते त्यामुळेच. मोठ्या ग्रंथालयांत बालविभाग असतो, प्रौढांचा तर असतोच. पण मधल्या वयाचं काय? तो वाचक भाड्याच्या टपरीवाल्याकडे गेला. टपरीवाल्याला अनुदान नव्हतं, वर्ग नव्हता, जतन करायची जबाबदारी नव्हती. पुस्तक फाटलं की रद्दी. पुढे केबल टीव्ही आला, मोबाईल आला, टपऱ्या उठल्या, आणि सगळा साठा किलोच्या भावाने गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर वर्षानुवर्षं लाखो युजर असलेली सिस्टीम, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि एके दिवशी सर्व्हरच भंगारात.

यवतमाळच्या वाचकाचं आणखी एक दुखणं होतं. या पुस्तकांत तो स्वतः कुठे नव्हता. प्रेम व्हायचं पुण्यात, खून व्हायचा मुंबईत. 'रायला', 'बे', 'कावून' म्हणणारा नायक प्रेमात पडताना दिसायचाच नाही. पडला तर प्रमाण भाषेत! शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' लिहिली, तीत वऱ्हाडी बोली काय ताकदीची आहे ते दिसलं. ती कौतिकच्या दारिद्र्याशी झुंजीची गोष्ट. पुढे शेळक्यांनी लोकप्रिय कादंबऱ्याही बऱ्याच लिहिल्या, आणि 'धग'चा लेखक इकडे कुठे वळला, असा सूर निघाला. मला विचाराल तर त्या पुस्तकांत काय होतं, ते वाचून मग सूर काढायला हवा होता. लेखणीवर पोट भरायचं ठरवलेला एक वऱ्हाडी माणूस वाचकाला काय देत होता, हा प्रश्न साधा नाही.

आता सुहास शिरवळकर. इथे दोन्ही धागे एकत्र येतात. त्यांची सुरुवात रहस्यकथांची: दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, वकील अमर विश्वास. मग १९८२ साली 'दुनियादारी'. कट्टा, मैत्री, श्रेयस आणि शिरीन. वरवर कॉलेजची प्रेमकथा, पण ती कशी बांधलीय बघा. वाचकाला कोणती गोष्ट कधी कळू द्यायची, कोणती शेवटपर्यंत दाबून ठेवायची, हे त्यांच्या हाताला रहस्यकथेने शिकवलेलं. म्हणून ती एका बैठकीत संपते. शिवाय त्यातली पोरं चुकतात, मार खातात, आणि कोणी मोठा माणूस येऊन प्रवचन देत नाही. सोळा-सतराव्या वर्षी नेमकं हेच हवं असतं. दोष आहेत: संवाद कधीकधी टाळ्यांसाठी लिहिल्यासारखे वाटतात, आणि मुली मुलांच्या नजरेतूनच दिसतात. पण ही मराठीतली अस्सल 'यंग अडल्ट' कादंबरी आहे, याबद्दल मला शंका नाही.

शिरवळकर २००३ साली गेले. सिनेमा आला २०१३ साली. आमच्या शाळेच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना पुस्तक आहे हेच सिनेमानंतर कळलं. म्हणजे तीस वर्षांनी पुस्तकाची ओळख करून द्यायला स्वप्नील जोशी आणि अंकुश चौधरीला यावं लागलं.

यवतमाळला दोनदा अखिल भारतीय संमेलन झालं. १९७३ ला गदिमा अध्यक्ष होते, २०१९ ला अरुणा ढेरे. अर्नाळकर, काकोडकर, नाईक, शिरवळकर यांच्यापैकी कोणी कुठल्याच संमेलनाचं अध्यक्ष झालं नाही. व्हायलाच हवं होतं असं माझं म्हणणं नाही. हजारातल्या आठशे कादंबऱ्या सुमार असतील, मान्य. पण उरलेल्या दोनशे कुठल्या, हे सांगायला कोणीतरी हजार वाचायला हव्या होत्या ना? सुमार आहे म्हणून वाचायचं नाही, आणि वाचलं नाही म्हणून सुमार, असं हे चक्र आहे.

असो. हे सगळं जुनं झालं असतं तर मी शनिवार खर्ची घातला नसता. आजही दारव्ह्यातली, पुसदमधली, वणीतली अकरावी-बारावीतली पोरं-पोरी मोबाईलवर मराठी कथामालिका वाचतात, स्वतः लिहितातही. विषय तेच, प्रेम आणि रहस्य. पाच तारे आणि 'नेक्स्ट पार्ट लवकर टाका' यापलीकडे त्यांना काही सांगणारं कोणी नाही. त्यातली एखादी मुलगी उद्याची हिंटन असेल, तिच्या भाषेत 'कावून' असेल, आणि आपल्याला पत्ताही नसेल. एखादं ॲप बंद पडलं की तेही गेलं.

म्हणून मी ठरवलंय. महिन्याला एक मधल्या वयाचं पुस्तक वाचायचं, जुनं किंवा नवं, आणि त्यावर सरळ लिहायचं. खुनी कळायचे पुरावे वाचकासमोर ठेवले होते की शेवटी टोपीतून काढला? प्रेमात पडणाऱ्या मुलीला स्वतःचं मत आहे का? पोरं जिथली आहेत तिथलं बोलतात का? आणि सोळाव्या वर्षी हे हातात पडलं असतं तर मी रात्र जागवली असती का? चार प्रश्न, बास. पहिला नंबर झुंजारचा. मामाकडे अजून एक प्रत आहे. पहिल्या पानावर खुन्याचं नाव नाही, हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय.