फुप्फुसातील रोहिणी-नीला विकृती व पक्षाघात

फुप्फुसातील रोहिणी आणि नीला, मधल्या केशवाहिन्यांवाचून, थेट एकमेकींना जोडल्या जाण्याची विकृती. बहुधा जन्मजात. रक्तदाब वा मधुमेह नसलेल्या तरुण माणसाला पक्षाघात होतो, तेव्हा शोधायलाच हवे असे हे कारण आहे.

पायांतल्या नीलांमध्ये होणाऱ्या बारीक गुठळ्या एरवी फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकून तिथेच विरघळतात. थेट जोडात ही गाळणीच नसते. गुठळी हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूत पोचते. दातांतले जंतूही याच वाटेने जाऊन मेंदूत गळू करतात. म्हणून अशा रुग्णाला दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देतात.

बहुसंख्य रुग्णांत मुळाशी ऑस्लर-वेबर-रांदू हा आनुवंशिक विकार असतो. तो जगात सुमारे ५,००० जणांत एकाला आढळतो. आईवडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी. ओठ, जीभ आणि बोटांच्या टोकांवर दाबले की फिके पडणारे तांबडे ठिपके ही त्याची खूण. वारंवार घोळणा फुटणे ही त्याहून ठळक. नाशिक जिल्ह्यात मालेगाव-येवल्याच्या उन्हाळ्यात घोळणा फुटला की डोक्यावर पाणी थापतात, कांदा फोडून हुंगवतात आणि उष्णता बाधली म्हणतात. बहुतेकदा ते खरेही असते. पण निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही फुटत असेल, आजीला, बापाला आणि नातवालाही तोच त्रास असेल, तर उन्हाला दोष देऊन थांबू नये. सततच्या रक्तस्रावाने शरीरातले लोह घटते, आणि लोह कमी असलेल्या अशा रुग्णांत पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले आहे.

तपासणी सोपी आहे. दोन सिरिंजांमधून सलाइन घुसळून त्यात सूक्ष्म बुडबुडे करतात, ते हाताच्या नीलेतून सोडतात आणि इकोच्या पडद्यावर हृदय पाहतात. बुडबुडे उजव्या बाजूतच विरले, तर ठीक. हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्यास ते डावीकडे लगेच दिसतात. फुप्फुसातल्या जोडातून यायला तीन-चार ठोके जावे लागतात. नेमकी जागा सीटी स्कॅनवर कळते.

उपचारासाठी बहुधा छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या नीलेतून नळी नेऊन विकृतीकडे जाणारी रोहिणी धातूच्या गुंडाळीने वा बुचाने बंद करतात. गरोदरपणात अशा जोडातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे घरातील मुलींची तपासणी आधीच व्हावी. बंद केलेली वाहिनी पुन्हा उघडू शकते वा लहान जोड मोठे होऊ शकतात, म्हणून ठरावीक वर्षांनी सीटी स्कॅन करत राहावे लागते.