वरातीच्या कॅसिओला वीज कुठून आली?

वरातीत वाजणाऱ्या कॅसिओला वीज फार थोडी लागते. पाच सप्तकांचा साधा कीबोर्ड दहा वॉटच्या आतबाहेर चालतो, म्हणजे घरातल्या एका एलईडी दिव्याइतक्यावर. खरी भूक असते ती त्याचा सूर ढोलताशांच्या वर नेणाऱ्या ॲम्प्लिफायरची आणि भोंग्यांची. शंभर-दोनशे वॉट तिथेच जातात. त्यामुळे विजेच्या खांबापासून दूर कीबोर्ड कसा वाजू लागला हे शोधायचं, तर माग वाद्याचा नव्हे, आवाजाचा काढावा लागतो.

आदिलाबादकडे हे विशेष जाणवतं, कारण तिथे चालत वाजवण्याची रीत अजून जिवंत आहे. दिवाळीच्या सुमारास राजगोंडांची दंडारी निघते. मोरपिसांचे भलेमोठे मुकुट घातलेले गुसाडी या गावातून त्या गावात नाचत जातात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाईच्या कनक राजूंना याच नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. सोबतीला ढोल आणि सनईच्या कुळातलं पेपरे. गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या परधानांच्या हातात किंगरी हे तंतुवाद्य. या परधानांमध्ये मराठीही बोलली जाते. सगळी वाद्यं अंगावर घेऊन चालायची आणि माणसाच्या दमावर वाजायची. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे मराठी गावांत भजनी मंडळ दिंडीला निघालं की पेटीवालाही तसाच, हातपेटी गळ्यात अडकवून चालतो.

ही हातपेटीच आपल्या कॅसिओची आजी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंनी १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा भाता पायांनी हलवायचा होता, म्हणजे वाजवणाऱ्याला एका जागी बसणं भाग होतं. आपल्या संगीत नाटकांना ते चाललं. रंगमंचापुढे ऑर्गन, अर्थात पायपेटी, ठाण मांडून बसली. पण १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने हलवायचा भाता असलेली पेटी बनवली आणि तिला जमिनीवरच्या बैठकीत, तिथून रस्त्यावर यायची वाट मोकळी करून दिली. डाव्या हाताने वारा, उजव्या हाताने सूर. माझ्या मते आपल्याकडच्या फिरत्या संगीतातला हा सर्वांत मोठा शोध आहे. पुढच्या दीडशे वर्षांत जे झालं, ते या डाव्या हाताच्या जागी दुसरं काहीतरी बसवण्याचे प्रयत्न होते.

पहिला प्रयत्न बेंजोने केला. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकन बँजो नव्हे. जपानात नागोया इथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं एक तंतुवाद्य बनवलं, तैशोगोतो. भारतात ते बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रातल्या मिरवणुकांत बेंजो. मूळ वाद्याचा आवाज कुजबुजल्यासारखा, रस्त्यावर दोन पावलांपलीकडे न पोचणारा. मग तारांखाली पिकअप बसवला गेला. चुंबकी पिकअपला स्वतःला वीज लागत नाही. तार हलली की वेटोळ्यात तीच थोडी वीज निर्माण करते. वीज हवी ती पुढच्या ॲम्प्लिफायरला, आणि ती सोय बाजारात तयार होती. सभा, निवडणुकीचा प्रचार, सिनेमाची जाहिरात यांसाठी विकल्या जाणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर गाडीची बॅटरी जोडायला लाल-काळी टोकं असत, १२ किंवा २४ व्होल्टची. प्रचाराच्या जीपवरचा भोंगा बँडच्या हातगाडीवर चढला. म्हणजे कॅसिओ आला तेव्हा रस्त्यावर बॅटरी आधीपासून हजर होती.

कॅसिओटोन २०१ हा कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० सालचा. पुढे स्वस्त, हलकी, सेलवर चालणारी मॉडेलं आली आणि खेड्यापाड्यांत कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणू लागले. वरातीत त्याचं हुकमी काम म्हणजे नागिणीची धून. गंमत अशी की १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती बीनसुद्धा खरी बीन नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेवरच्या छोट्या कीबोर्डवर वाजवली होती. वरातीत कॅसिओने ती धून उचलली, तेव्हा ती आपल्याच घराण्यात परत आली.

अशा कॅसिओच्या पोटात सहा मोठे सेल बसतात. दीड व्होल्टचे सहा, म्हणजे नऊ व्होल्ट. पण लग्नसराईत रोज सहा सेल कोण घालणार? शेजारी ॲम्प्लिफायरची १२ व्होल्टची बॅटरी असतेच. तिच्यातून नऊ व्होल्ट काढायचे, इथे बँडच्या वायरमनची खरी परीक्षा होते.

सोपा वाटणारा रस्ता इन्व्हर्टरचा. बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून २३० करायचे, त्यात कॅसिओचा ॲडॉप्टर खोचायचा आणि त्याने ते पुन्हा नऊवर आणायचे. पिन बसते म्हणून बरेच जण हेच करतात. मला हा वळसा पटत नाही. दोन्ही वेळा वीज वाया जाते, आणि स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर जुना ट्रान्सफॉर्मरचा ॲडॉप्टर घुं-घुं करतो, तो सुरात मिसळतो. जाणता माणूस ७८०९ नंबरचा रेग्युलेटर लावतो. तीन पायांचा, मागे ॲल्युमिनियमची पट्टी. तो १२ घेऊन थेट नऊ देतो, वरचे तीन व्होल्ट उष्णतेत घालवतो. यामाहाच्या १२ व्होल्टवाल्या कीबोर्डला मात्र त्याच्या भावाचा, ७८१२ चा, उपयोग नाही. त्याला आत दोन-एक व्होल्ट जास्त लागतात आणि बॅटरीत ते नसतात. शिवाय पिनेचा घोळ वेगळाच. जुन्या कॅसिओच्या नऊ व्होल्टच्या ॲडॉप्टरला मधलं टोक ऋण, यामाहाला मधलं धन. एकाची पिन दुसऱ्यात खोचली की वाद्य जळण्याची भीती.

त्याहून वाईट अनुभव भर वरातीत येतो. कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर एकाच बॅटरीवर असले, की बासचा मोठा ठोका पडताच व्होल्टेज खाली बसतं, कीबोर्ड क्षणभर विझून परत सुरू होतो आणि नागिणीचा आवाज निवडलेला असताना पियानो वाजू लागतो. गाडीचं इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरची शीळही भोंग्यातून ऐकू येते, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढणारी. दोन्हींवर उपाय एकच: कीबोर्डला वेगळी लहान बॅटरी. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी दहा वॉटचं वाद्य चार-पाच तास आरामात चालवते. वजन अडीच किलोच्या आत.

जनरेटर आला आणि हे सगळं शहाणपण मागे पडलं. श्रीराम होंडासारख्यांची छोटी यंत्रं हातगाडीच्या मागच्या टोकाला बांधली गेली, रोषणाई आणि आवाज एकाच दोरीने ओढला गेला. भोंगे वाढले, मग ट्रक आले. विदर्भातल्या धुमाळ म्हणवणाऱ्या बँड पार्ट्यांचा ट्रक पाहिला की कळतं, कीबोर्ड तितकाच राहिला आहे, भोवतालचं सगळं फुगलं आहे. ज्याला दहा वॉट पुरतात त्याच्यासाठी डिझेलचा धूर गिळत नाचायचं, हे मला खरोखर वाईट वाटतं.

आता काही वादक पॉवर बँककडे वळताहेत. यूएसबी-सी चार्जिंगच्या नियमात नऊ व्होल्टची पायरी आहे, आणि ती मागून घेणारी छोटी तार बाजारात मिळते. अडचण एकच. गाणं थांबलं आणि कीबोर्डची मागणी फार खाली आली, की काही पॉवर बँक चार्जिंग संपलं असं समजून स्वतःच बंद होतात. त्यासाठी कमी प्रवाहावरही चालू राहणारी पॉवर बँक घ्यावी, आणि नवरदेव घोड्यावर चढण्याआधी अर्धा तास काही न वाजवता ती चालू ठेवून पाहावी.