बीजभाषण

परिषद डॉक्टरांची असो की सनदी लेखापालांची, निमंत्रणपत्रिकेत ‘बीजभाषणा’साठी एखादा संपादक नाहीतर मंत्री हमखास असतो. इंग्रजीतला ‘कीनोट’ मूळचा संगीतातला: स्वरपट्टीचा आधारस्वर, आपला षड्जच म्हणा ना. अमेरिकेतल्या पक्ष-अधिवेशनांनी तो राजकारणात ओढला. १९७६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बार्बरा जॉर्डन यांनी असं भाषण केलं. २००४ मध्ये बॉस्टनच्या अधिवेशनातल्या अशाच भाषणाने बराक ओबामा देशभर पोचले. तेव्हा ते नुसते इलिनॉय राज्याचे सिनेटर होते. मराठीने मात्र सूर सोडला आणि संस्कृत ‘बीज’ उचललं, बीजमंत्रातलं, बीजगणितातलं. मला हेच जास्त रुचतं. हल्ली एकेका परिषदेत चार-चार बीजभाषणं असतात, आणि मंत्रिमहोदय उशिरा आले तर त्यांचं जेवणानंतर!