काविबाविबो आणि भाषाप्रतिमानांची तर्कपरीक्षा

काविबाविबो : हाताच्या तीन मुद्रांनी खेळावयाचा कोरियन खेळ. ‘कावि’ म्हणजे कात्री, ‘बावि’ म्हणजे खडक व ‘बो’ म्हणजे गाठोडे बांधण्याचे फडके. खडक कात्रीला, कात्री फडक्याला व फडके खडकाला जिंकते. हा खेळ पारंपरिक म्हटला जात असला, तरी कोरियात तो फार प्राचीन नसावा. हस्तमुद्रांचे खेळ चीनमध्ये मिंग काळात (१३६८–१६४४) रूढ होते. जपानमध्ये त्यांना ‘जानकेन’ हे रूप आले आणि जपानी अमलात (१९१०–४५) ते कोरियात पसरले, असे सामान्यतः मानले जाते.

या खेळात कोणतीही एक मुद्रा श्रेष्ठ नाही. जॉन फोन नॉयमान यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाच्या आधारे प्रत्येक मुद्रा एक-तृतीयांश वेळा, कोणताही क्रम न ठेवता दाखविणे हाच निर्धोक डाव ठरतो. माणसाला असे क्रमहीन वागणे साधत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९५३ मध्ये वर्णिलेले यंत्र याच दुबळेपणावर चाले : दोन पर्यायांपैकी खेळणारा कोणता निवडील, हे ते त्याच्या मागील निवडींवरून ताडीत असे. टोकिओ विद्यापीठातील २०१२ च्या यंत्रमानवाने मात्र वेगळीच वाट धरली. प्रतिस्पर्ध्याचा हात अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपून तो लगेच मात करणारी मुद्रा दाखवी. त्याला तर्क म्हणता येत नाही.

भाषाप्रतिमानांची परीक्षा घेताना नेमकी हीच अडचण येते. लिखित संभाषणात डाव एकामागून एक येतात. प्रतिस्पर्ध्याची मुद्रा आधी कळली, तर विजय अटळ असतो व परीक्षा निरर्थक ठरते. शिवाय मूळ खेळाचे नियम प्रतिमानाने शिक्षणकाळात असंख्य वेळा वाचलेले असतात. त्यामुळे उत्तर स्मरणातून आले की विचारातून, हे समजत नाही.

‘हाना-प्पेगी’ (एक वजा करणे) हा उपप्रकार येथे उपयोगी पडतो. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्क्विड गेम’च्या दुसऱ्या पर्वामुळे तो कोरियाबाहेरही परिचित झाला. यात प्रत्येकाने दोन्ही हात दाखवून नंतर एक मागे घ्यावयाचा असतो. समजा, पहिल्याकडे खडक व कात्री, तर दुसऱ्याकडे खडक व फडके आहे. दुसऱ्याने खडक राखल्यास तो कधीच हरत नाही. म्हणून उतावळा विचार तेथेच थांबतो. परंतु पहिल्यानेही नेहमी खडक राखला, तर दुसऱ्याला फडके राखून जिंकता येते, आणि या भीतीने पहिला अधूनमधून कात्रीकडे वळतो. बरोबरीस शून्य गुण धरल्यास दोघांनीही खडक दोन-तृतीयांश वेळा राखणे योग्य ठरते. तसे खेळल्यास पहिला नऊपैकी सरासरी एक डाव जिंकतो, दुसरा चार, व चार बरोबरीत सुटतात.

हे उत्तर मूळ खेळाच्या समान वाटणीहून भिन्न असल्याने पाठांतर उघडे पडते. मुद्रांची नावे बदलून किंवा जिंकण्याचा क्रम उलटा करून प्रश्न आणखी कठीण करता येतो. मात्र अचूक गणित मांडणारे प्रतिमान प्रत्यक्ष डावांत त्याच प्रमाणात निवड करीलच असे नाही. ‘दोन-तृतीयांश’ हे लिहिणे आणि तसे खेळणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. म्हणून एकच डाव अनेकदा पुन्हा देऊन निवडींचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे लागते.