किल्लारी ते जैतापूर

अणुऊर्जेच्या तोट्यांची चर्चा निघाली की चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही नावं येतात. लातूर-नांदेडकडच्या माणसाला मात्र आधी किल्लारी आठवायला हवं.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. 6.2 तीव्रतेच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं आडवी केली. जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग झोन 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992च्या अखेरीस किल्लारीत धक्के बसले, तरी नकाशा तोच राहिला. 2002 मध्ये झोन 1च रद्द झाला आणि किल्लारी झोन 3 मध्ये गेलं. दख्खनचं पठार स्थिर आहे, या समजुतीला 1967 साली कोयनेनेही धक्का दिला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातलं जैतापूरही झोन 3 मध्येच आहे. तिथे 1,650 मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. 2011 साली रॉजर बिल्हम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं, की कोयना-किल्लारीसारखा भूकंप थेट प्रकल्पाखाली होण्याची शक्यता कमी आहे, पण ती नाकारता येत नाही.

अणुभट्टीचं डिझाइन केवळ झोन पाहून होत नाही, जागेचा स्वतंत्र अभ्यास होतो, असं यावर उत्तर मिळतं. ते खरंच आहे. पण असा अभ्यास बऱ्याच अंशी ज्ञात भूकंपांच्या इतिहासावर उभा असतो, आणि 1992 पूर्वी किल्लारीच्या भूकंपांचा इतिहास जवळजवळ कोराच होता.

परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा थांबवला की आग विझते. अणुभट्टी बंद केल्या क्षणीही मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते. ती हळूहळू उतरते, पण तोवर थंड पाणी फिरवत राहावंच लागतं. 11 मार्च 2011ला फुकुशिमाच्या चालू अणुभट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. नंतर त्सुनामीने जनरेटर बुडवले, पाणी फिरवणं थांबलं आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले.

सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवतो. नकाशाची दुरुस्ती व्हायला नऊ वर्षं लागली. तरी किल्लारीचे लोक नव्या गावठाणात राहून जुनीच शेतं कसू शकले. चेर्नोबिलशेजारचं प्रिप्यात शहर 1986 पासून रिकामं आहे.